अण्णांचा सीट नंबर

होस्टेलवर पहिल्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. नाव काय, गाव कुठलं, सीईटीला किती, आणि बाबा काय करतात? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी खरी दिली. चौथ्याला म्हणालो, "बिझनेस."

'बिझनेस' हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात पानटपरीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळं मावतं. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) साताऱ्यात जागेचे एजंट आहेत. पोवई नाक्याजवळ एक छोटा गाळा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक जुना फोन आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. प्लॉट, फ्लॅट, रो-हाऊस, भाड्याच्या खोल्या, जे येईल ते. लोक त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठ वळली की 'दलाल'. एका लग्नात पंगतीत बसलो असताना मागून ऐकू आलं होतं, "कुणाचं रं पोरगं?" "त्या दलालाचं." मी तेव्हा आठवीत होतो. जिलेबी तशीच पानात राहिली.

म्हणून होस्टेलवर 'बिझनेस'!

जानेवारी 2023 मध्ये अण्णांचा फोन आला. मी फर्स्ट इयरला. आवाज जरा वेगळा वाटला. म्हणाले, "आता आम्हालापण परीक्षा लावलीय म्हणं."

झालं होतं असं. रेराचा कायदा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 चा. 1 मे 2017 पासून तो पूर्णपणे लागू झाला. तेव्हा अण्णांनी दहा हजार रुपये भरून महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी केली आणि त्यांना 'ए' अक्षराने सुरू होणारा नंबर मिळाला. त्यांना वाटलं, सुटलो. पण 2023 मध्ये महारेराने ठरवलं की नुसती नोंदणी पुरे नाही. एजंटांनी प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि पास होऊन 'सक्षमता प्रमाणपत्र' मिळवायचं. नव्यांना त्याशिवाय नोंदणी नाही आणि जुन्यांनाही सूट नाही. परीक्षा घेणार कोण, तर आयबीपीएस. आपल्या कॉरिडॉरमधल्या बँकेची तयारी करणाऱ्या सिनिअरांना घाम फोडते तीच!

अण्णांचं वय तेव्हा एक्कावन्न. बारावीनंतर त्यांनी अभ्यासाचं पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. सातबारा मात्र ते आपण क्रिकेटचा स्कोअर वाचतो तसे वाचतात.

"नाही दिली तर?" मी विचारलं.

"भाड्याच्या खोल्या दाखवायच्या. अकरा महिन्यांचे करार करायचे. त्याला काय लागत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण त्यात तुझी फी निघत नाही."

गणित सरळ होतं. आमच्या घरी पैसा येतो तो नव्या स्कीममधल्या फ्लॅटमधून. चाळीस लाखांचा फ्लॅट गेला की एक टक्का म्हणजे चाळीस हजार. पण नोंदणीशिवाय असा व्यवहार केला तर कलम 62 प्रमाणे दिवसाला दहा हजार रुपये दंड, जो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चाळीस लाखांचे पाच टक्के म्हणजे दोन लाख. दलाली चाळीस हजार आणि दंड दोन लाख! हा हिशोब अण्णांनीच मला फोनवर तोंडी करून दाखवला. मी कॅल्क्युलेटर शोधत होतो.

तर असा आमचा अभ्यास सुरू झाला. अण्णांनी प्रशिक्षणाचे तास पूर्ण केले. मी रोज रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर पाच प्रश्न पाठवायचो, चार-चार पर्याय देऊन. साडेनऊपर्यंत उत्तरं यायची, 'अ', 'क', 'ड', मध्येच एखादं 'आई जेवायला बोलावतीय'.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. खरी पंचाईत भाषेची होती. कायद्याच्या मराठीत बिल्डरला 'प्रवर्तक' म्हणतात. अण्णा म्हणाले, "बावीस वर्षं बिल्डर लोकांत बसतोय, प्रवर्तक एकपण भेटला नाही."

एक दिवस मी कलम 13 वरचा प्रश्न पाठवला. करारनामा करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरने ग्राहकाकडून किमतीच्या किती टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही? उत्तर : दहा टक्के.

साडेनऊ वाजले. दहा वाजले. उत्तर नाही. मीच फोन केला.

"अण्णा, काय झालं?"

"हा नियम रेरापासनं आलाय का आधीपण होता?"

मी शोधून पाहिलं. आधीही होता. महाराष्ट्रात 1963 चा मोफा कायदा आहे. त्यात मर्यादा वीस टक्क्यांची होती, पण लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत हे त्यातही लिहिलेलंच होतं. सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण सांगितलं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. फक्त टीव्हीवरची सिरिअल ऐकू येत होती.

मला माहीत होतं ते कशाबद्दल गप्प झालेत. 2012 साली एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या एका काकांना अण्णांनी एक फ्लॅट बुक करून दिला होता. फंडाचे पैसे आले होते. बिल्डर म्हणाला, आत्ता निम्मे भरा, भाव वाढणार आहेत. अण्णांनी इसार पावतीवर साक्षीदार म्हणून सही केली. करारनामा 'पुढच्या महिन्यात' होणार होता. ती इमारत प्लिंथच्या वर कधी आलीच नाही. अण्णांनी आपली दलाली परत केली, वर आईची एक पाटली मोडून थोडे पैसे दिले. पण ते कितीसे पुरणार? त्यानंतर काकांच्या गल्लीतून जायचं झालं तर अण्णा लांबून वळसा घालायचे. मला लहानपणी वाटायचं, तो रस्ता खराब असेल.

शेवटी अण्णा म्हणाले, "मला वाटायचं, बिल्डरनं फसवलं. मलापण आणि त्यांनापण. पण मला हे एक कलम ठाऊक असतं, तर मी त्यांना पैसे भरूच दिले नसते. उद्या दहा प्रश्न पाठव."

त्या दिवसापासून हा अभ्यास फीसाठीचा राहिला नाही.

परीक्षेचं सेंटर पुण्यात आलं. पावसाळ्याचे दिवस. आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा एसटीने स्वारगेटला उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा, बगलेत फाईल. लॉजचे पैसे कशाला घालवायचे म्हणून मी त्यांना होस्टेलवर ठेवायचं ठरवलं. त्यासाठी रेक्टर सरांची परवानगी हवी. अर्जात कारण लिहिलं, 'वडिलांची परीक्षा आहे.' सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढून परत वाचला आणि म्हणाले, "उलट लिहिलंयस का रे?" खरं कळल्यावर मात्र त्यांनी सही तर केलीच, वर गादीही पाठवली. सर, तुम्ही हे वाचत असाल तर, त्या वेळी थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं!

अण्णा रूमवर येणार म्हणजे माझा 'बिझनेस' उघडा पडणार. जिन्यात मी पार्टनरला हळूच सांगितलं, "अरे, ते एजंट आहेत. जागेचे." तो म्हणाला, "मग? माझे बाबा रिक्षा चालवतात. तुला बिझनेस सांगितलं होतं ना, तोच." आम्ही दोघं जिन्यातच हसत बसलो. एका वर्षात दोन 'बिझनेसमन'ची पोरं एका खोलीत राहत होती आणि एकमेकांना घाबरत होती!

रात्री जेवण झाल्यावर आख्खी विंग आमच्या रूममध्ये जमली. पेढे संपले आणि प्रश्नमंजुषा सुरू झाली. कुणीतरी कार्पेट एरिया काढला. आम्ही सगळे भावी इंजिनिअर एकमुखाने म्हणालो, "भिंती सोडून उरतो तो!" अण्णा म्हणाले, "चूक." मग उठून त्यांनी खोलीत पावलं टाकत समजावलं. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, डक्ट नाही, बाल्कनी नाही, गच्ची नाही. पण घराच्या आतल्या, खोल्या वेगळ्या करणाऱ्या भिंती मात्र धरायच्या. "आणि सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लॉबी, लिफ्ट सगळं माणसाच्या गळ्यात मारायचे. आता विकायचं ते कार्पेटवर." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ही तुमची दहा बाय बारा. तीन पोरांना कमी आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही टेप लावून पाहिला. दहा बाय बाराच!

पुढचा प्रश्न माझ्या पार्टनरचा. बांधकामात स्ट्रक्चरल दोष निघाला तर बिल्डरची जबाबदारी किती वर्षं? अण्णा म्हणाले, "ताबा दिल्यापासून पाच." आणि आमच्याकडे बघून हसले. "म्हणून नीट शिका रे. पाच वर्षं झोप लागायची नाही."

साडेअकराच्या सुमारास अण्णांना जरा टेन्शन आलेलं दिसलं. माउस, स्क्रीन, वर पळणारं घड्याळ. आमच्यातला एक अतिहुशार त्यांना धीर द्यायला गेला. "काका, घाबरायचं काय! नापास झालं तरी परत देता येते. आता ह्याचंच बघा, एम-वन राहिलाय, पण बघा कसा मजेत आहे!"

खोलीत एकदम शांतता. घरी मी 'ऑल क्लिअर' सांगितलं होतं.

अण्णा काही बोलले नाहीत. पान उलटलं. मुलं एकेक करून सटकली. लाईट गेल्यावर अंधारातून आवाज आला.

"किती विषय?"

"एकच."

"कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"हं." पंख्याचा आवाज. "माझ्या प्रश्नांत तुझा वेळ गेला का?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "नाही अण्णा. त्याच्या आधीच गेलेला होता."

"मग आता रोज नऊ वाजता मी मेसेज करणार."

"तुम्हाला एम-वन येतं?"

"मला कशाला यायला पाहिजे? 'आज किती गणितं केली', एवढं तर विचारता येतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सेंटरवर सोडलं. गेटपाशी रांग. केस पिकलेले गृहस्थ, गळ्यात ओढणी घट्ट गुंडाळलेल्या दोघी-तिघी, एक आजोबा तर काठी घेऊन आलेले. सगळ्यांच्या हातात हॉलतिकीट आणि ओठांवर पुटपुटणं. अण्णांनी हॉलतिकीट चौथ्यांदा तपासलं. आपण व्हायव्हाच्या आधी करतो तसंच. ते आत गेले आणि मी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसलो. दहावीला माझ्या सेंटरबाहेर अण्णा असेच बसले होते. बाहेर बसणं आत बसण्यापेक्षा अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं.

अण्णा पास झाले. प्रमाणपत्राची चौकट करून गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लावली. प्रमाणपत्राने आमची भरभराट वगैरे झाली असं मात्र समजू नका. उलट पहिला परिणाम तोट्याचाच झाला. एका बिल्डरने रेरा नंबर यायच्या आधीच बुकिंग घेऊन द्या म्हणून तीन टक्क्यांची ऑफर दिली. अण्णांनी विचारलं, "प्रकल्पाचा नंबर?" तो म्हणाला, "येईल हो." अण्णा म्हणाले, "मग मीपण तेव्हा येईन." त्या टर्मला माझं मेसचं बिल दोन महिने थकलं. पुढे 2024 मध्ये प्रमाणपत्र न घेतलेल्या हजारो एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली, तेव्हा अण्णांचा नंबर चालू राहिला. मग हळूहळू माणसं यायला लागली. आता येणारा माणूस आधी चौकट वाचतो, मग खुर्चीत बसतो.

निकाल लागला त्या संध्याकाळी अण्णा पेढे घेऊन त्या कंडक्टर काकांकडे गेले होते. अकरा वर्षांनी त्या गल्लीत. हे मला आईने सांगितलं. काकांनी आत बोलावलं, चौकशी केली, पेढा घेतला. आणि एवढंच म्हणाले, "उशीर केलास." अण्णा "होय" म्हणाले आणि घरी आले. त्याबद्दल ते माझ्याशी अजून बोललेले नाहीत. पण आता ते वळसा घालत नाहीत.

मित्रांनो, आपण इथे चार वर्षं परीक्षा देतो त्या सुटण्यासाठी. "निघाला ना? बास!" हे आपलं घोषवाक्य. परीक्षा पास झाल्यावर न कळलेल्या गोष्टींचं ओझं कमी होत नाही, उलट कधी वाढतं, हे मी एक्कावन्न वर्षांच्या विद्यार्थ्याकडून शिकलो. ज्यांना वाटतं की डिग्री मिळाली की अभ्यास संपला, त्यांच्यासाठी अण्णांचा निरोप आहे. त्यांनी शोधून काढलंय की सिव्हिलची डिग्री आणि पाच वर्षांचा अनुभव झाला की जमीन-इमारतींचा नोंदणीकृत मूल्यनिर्धारक, म्हणजे रजिस्टर्ड व्हॅल्युअर होण्यासाठी परीक्षा देता येते. कोर्सची चौकशीही करून ठेवलीय. म्हणजे माझी सुटका नाही!

यंदा फर्स्ट इयरची नवी मुलं आली. मेसमध्ये एकाने विचारलं, "दादा, तुमचे बाबा काय करतात?"

म्हणालो, "जागेचे एजंट आहेत. परीक्षा पास झालेले."

(ता. क. : एम-वन पुढच्याच अटेम्प्टला निघाला. तरी रात्री नऊचा मेसेज अजून येतोच.)

— अंतिम वर्ष, स्थापत्य