चमच्याच्या पाठीवरचा मजकूर

कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे नोकरीनिमित्त वास्तव्य घडल्यावर, निवर्तलेल्या माणसांच्या घरांतील चीजवस्तू त्यांचे वारस ज्या विक्रीत काढतात त्या विक्रींना मी जाऊ लागले, आणि चांदीचा मुलामा दिलेल्या जुन्या चमच्या-काट्यांच्या अभ्यासाचा छंद मला तेथेच जडला. अस्सल चांदी व्यापाऱ्यांनी सकाळीच उचललेली असे. मुलाम्याचा माल वितळवून काही हाती लागत नसल्यामुळे तो मात्र खोक्यांत तसाच पडून राही. धातूच्या मोलाने ज्या वस्तूचा कोणी विचार करीत नाही, तिच्याच अंगावरची नक्षी भट्टीच्या तोंडातून वाचते, हे ध्यानात आल्यापासून त्या खोक्यांकडे मी आदराने पाहू लागले.

चमचा उपडा केला की दांड्याच्या पाठीवर ठसा दिसतो, आणि या प्रांतात तो पुष्कळदा ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असा असतो. विकणारे आणि विकत घेणारे असे दोघेही त्या आकड्याला चमच्याचे जन्मसाल मानताना मी वारंवार पाहिले आहे. वस्तुतः ते साल धंद्याचे आहे. विल्यम, एसा आणि सिमियन या रॉजर्स बंधूंनी विजेच्या साहाय्याने मुलामा चढवलेला माल हार्टफर्डमध्ये १८४७ साली विक्रीस आणला. १८६२ मध्ये त्यांच्या नावाचा हक्क मेरिडन ब्रिटानिया कंपनीकडे गेला. १८९८ मध्ये ती कंपनी इतर अनेक कारखान्यांसह इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीत सामील झाली. आणि मालक बदलले तरी तो आकडा ठशात कायम राहिला. द्राक्षांच्या घोसांची ‘व्हिन्टेज’ नावाची जी लोकप्रिय नक्षी आहे ती १९०४ सालची, आणि तिच्याही पाठीवर १८४७ आहेच. रॉजर्स या नावाची पत बाजारात एवढी वाढली की त्याच आडनावाच्या इतर गृहस्थांनीही आपापले कारखाने उभारले, नावाच्या हक्कावरून दावे-फिर्यादी गुदरल्या गेल्या, आणि ‘रॉजर्स’ हा शब्द असलेल्या ठशांची संख्या इतकी झाली की केवळ तेवढ्यावरून कारखाना ठरवणे अशक्य व्हावे.

म्हणून मी नक्षीच्या मागे लागले. अमेरिकेत वस्तूच्या घाटाला व नक्षीला पेटंट देण्याची तरतूद १८४२ च्या कायद्याने झाली, आणि तिच्यामुळे जमलेले दप्तर हा या विषयातील सर्वांत विश्वसनीय दाखला आहे असे माझे मत झाले आहे. तेथे चमच्याचे रेखाचित्र असते, अर्जाची तारीख असते, आणि कारखान्याने ज्याचे नाव मालावर कधी घातले नाही त्या नक्षीकाराचे नाव व गाव, आपला हक्क त्याने कोणत्या कंपनीस लिहून दिला या नोंदीसह, स्पष्ट लिहिलेले असते. १८६१ नंतर असे संरक्षण साडेतीन, सात किंवा चौदा वर्षांसाठी मागता येई. ज्या नक्षीसाठी साडेतीन वर्षेच मागितली गेली, तिची आवड लोकांत फार दिवस टिकणार नाही असा कारखानदाराचा अंदाज असावा, आणि चौदा वर्षे मागणाऱ्याने तिच्यावर पुष्कळ भरवसा ठेवला असावा, असे ते कागद वाचताना मला नेहमी वाटते. त्या निनावी राहिलेल्या नक्षीकाराचे नाव कागदावर सापडते, तेव्हा होणारा आनंद मला अन्य कोणत्याही वाचनाने दिलेला नाही.

मुलाम्याचा प्रश्न निराळा. आतला धातू बहुधा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असतो. त्याला जर्मन सिल्व्हर म्हणत असले तरी त्यात चांदीचा अंश नसतो. ‘ए-१’ या प्रतीत १४४ चहाच्या चमच्यांना मिळून दोन ट्रॉय औंस चांदी लागे, म्हणजे एका चमच्याच्या वाट्याला अर्धा ग्रॅमही नाही. ‘ट्रिपल’ प्रतीत त्याच्या तिप्पट. चमचा टेबलावर ठेवला असता खोलगट भागाची पाठ आणि दांड्याचे टोक हीच ठिकाणे टेकतात व प्रथम उघडी पडतात, हे ओळखून ब्रिजपोर्टच्या होम्स अँड एडवर्ड्स कारखान्याने नेमक्या तेथे अस्सल चांदीचे तुकडे जडवण्याची पद्धत अवलंबली. झिजेची जागा पाहून तेवढीच मजबूत करणारी ही कारागिरी मला सर्व भपकेबाज नक्षींहून श्रेष्ठ वाटते.

न्यूयॉर्क राज्यातील वनायडा येथील माल याहून वेगळ्या कुळातला. जॉन हम्फ्री नॉइस यांनी १८४८ मध्ये स्थापलेल्या त्या धार्मिक समाजात खाजगी मालमत्ता नव्हती. त्या समाजाने १८७७ मध्ये चमचे करण्यास आरंभ केला, १८८१ मध्ये समाजाचे रूपांतर भागभांडवलाच्या कंपनीत झाले, आणि समाजाची व्यवस्था मोडली तरी ‘कम्युनिटी प्लेट’ या नावात तिची खूण उरली.

जुन्या चमच्यावर नवा मुलामा चढवण्याची हौस मात्र कोणी करू नये. त्यापूर्वी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि त्या घासण्यात नक्षीची बारीक रेघ आणि पाठीवरचा ठसा दोन्ही पुसट होतात. ज्याच्या घरी असा चमचा असेल त्याने तो भिंगाखाली धरून ठसा वाचावा, नक्षी ओळखावी, आणि तो कोणाकडून आला ते कागदावर लिहून त्याच पेटीत ठेवावे.