सॅन फ्रान्सिस्को ते लालबाग

सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबई सरळ गेलं तर सुमारे १३,५०० किलोमीटर. हा सरळ रस्ता भिंतीवरच्या नकाशात शोधू नका. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा, तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो. इंजिनिअर असल्यामुळे मला असले हिशेब आवडतात.

आजीचा हिशेब वेगळा होता. आमचं घर बुऱ्हाणपूरच्या लालबागमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आजोबा ताप्ती मिलमध्ये होते. बाबा लवकर गेले, त्यामुळे मी आजीकडेच वाढलो. तिच्या लेखी लांब म्हणजे मुंबई, पंजाब मेलने एका रात्रीचा प्रवास. त्यापलीकडचं सगळं सारखंच. मी "मुंबईत उतरलो" असा फोन केला की ती पुरणाची डाळ शिजायला टाकायची. "आलासच की आता!" खरं तर तिथून पुढे ५०० किलोमीटर आणि आगगाडीचे आठ तास उरलेले असायचे. विमान ताशी आठशेच्या वेगानं आणतं, शेवटचा टप्पा ताशी साठनं.

मागच्या मे महिन्यात मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना काकांचा फोन आला. तिकडे मध्यरात्र. आजी झोपेतच गेली होती. काकांनी एवढंच विचारलं, "किती तास लागतील रे तुला? थांबू का?"

लॅपटॉप समोर उघडाच होता. त्या दिवशी मुंबईचं थेट विमान नव्हतं. दुबईमार्गे १५,००० किलोमीटर, म्हणजे दीड हजाराचा वळसा. सोळा तास आणि तीन तास हवेत, शिवाय दुबईतलं ताटकळणं, मुंबईतल्या रांगा, सकाळची गाडी. बेरीज चाळीसच्या आसपास आली. पुन्हा केली. तेवढीच आली. आणि मे महिन्यातलं बुऱ्हाणपूरचं ऊन!

"चाळीस," मी म्हणालो. काका गप्प राहिले. नाही म्हणणं त्यांना जड जात होतं, तेव्हा ते मलाच म्हणावं लागलं. "थांबू नका, काका."

अग्नी त्यांनी दिला. त्या वेळी मी कॅनडावर कुठेतरी होतो. समोरच्या स्क्रीनवर विमानाचं छोटंसं चित्र सरकत होतं आणि उरलेलं अंतर अजून नऊ-दहा हजार किलोमीटर दिसत होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "सुट्टीला का?" मी मान हलवली.

मुंबईत उतरल्यावर सवयीनं फोन काढला. नंबर लावायच्या आधी हात थांबला.

दुपारी स्टेशनवर काका आले होते. दुसऱ्या दिवशी राजघाटावर तापीत अस्थी सोडल्या. पायऱ्या चढताना त्यांनी विचारलं, "परतीचं विमान कधीचं?"

"तेराव्यानंतरचं. आहे मी इथेच."