बॅटरीवरचा आळ

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा पेटला की माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘बॅटरी गेली.’ चित्रच तसं असतं. चौकोनी पेटी, वर अधिक-उणेच्या खुणा. मग गाडीवाला थेट बॅटरीच्या दुकानात जातो, हजारो रुपये मोजतो, नवी बॅटरी बसवतो, आणि दोन दिवसांत तीही उतरते. सानगडीत गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावं लागतं ते हेच, की तो दिवा बॅटरीची तब्येत सांगत नाही. चार्जिंग बंद आहे किंवा त्यात खोट आहे, एवढंच तो सांगतो. खोट कुठे आहे ते मीटर लावून शोधावं लागतं, आणि सापडेपर्यंत एकही वस्तू बदलू नये.

इंजिन चालू झालं की गाडीला लागणारी वीज अल्टरनेटर देतो. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवण्याचं. खर्च झालेला करंट तिला अल्टरनेटरकडूनच परत मिळतो. अल्टरनेटरच्या पोटात एक गुंडाळी पट्ट्याच्या जोरावर फिरते. दोन कार्बनमधून तिला थोडा करंट मिळतो आणि ती चुंबक बनते. हे फिरतं चुंबक भोवतालच्या तीन वाइंडिंगांत वीज निर्माण करतं. तत्त्व मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलंच. ही वीज उलटसुलट वाहणारी असते; डायोड तिला सरळ करतात, आणि रेग्युलेटर गुंडाळीचा करंट कमीजास्त करून व्होल्टेज 14 च्या आसपास धरून ठेवतो. जुन्या अॅम्बेसेडरमध्ये डायनमो होता. इंजिन स्लो असलं की तो फारसं काही देत नसे. 1960 च्या दशकात सिलिकॉन डायोड आवाक्यात आले आणि अल्टरनेटर गाड्यांत रुळला.

आता दिव्याकडे येऊ. जुन्या पद्धतीच्या जोडणीत दिव्याचं एक टोक चावीकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला असतं, आणि दुसरं अल्टरनेटरच्या ‘डी प्लस’ किंवा ‘एल’ टर्मिनलला. आमच्या भागात धानाच्या दोन बांध्यांमधल्या धुऱ्याला तोंड पाडलं आणि दोन्हीकडे पाणी सारख्या पातळीला असलं, तर त्या तोंडातून पाणी वाहत नाही. एकीकडे पातळी उतरली की वाहू लागतं. दिवा त्या तोंडावर बसलाय. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं असलं की तो विझतो, फरक पडला की पेटतो. कोणतीही बाजू खाली गेली तरी तो पेटणारच, म्हणून नुसत्या दिव्यावरून निदान होत नाही.

या दिव्याकडे आणखी एक काम आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. अशा गाड्यांत गुंडाळीला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच न होण्याचा संभव असतो, आणि इशारा द्यायलाही कोणी उरत नाही. म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. दिवा पेटलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर तो पेटतच नसेल, तर चालू गाडीत पेटलेल्या दिव्याइतकीच ती गोष्ट गंभीर समजा.

बोनेट उघडल्यावर मी आधी डोळ्यांनी आणि हातांनी बघतो. पट्टा तुटलाय का, ढिला आहे का, त्यावर चकाकी आलीय का. सकाळी स्टार्ट करताना चीं-चीं आवाज येत असेल तर तो बहुधा पट्ट्याचाच. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा पट्टा चिखलाने घसरतो. मग कपलर आणि बारीक वायरी. धानाचं तणस आवारात रचलेलं असतं, त्यात उंदीर राहतात, आणि रात्री उबेला इंजिनखाली येऊन वायर कुरतडतात. ‘एल’ टर्मिनलची बारीक वायर अर्धवट तुटलेली असते आणि गाडीवाला अख्खा अल्टरनेटर बदलण्याच्या तयारीने आलेला असतो.

त्यानंतर मीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरत आलेली. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की बॅटरीच्या खुंट्यांवर साधारण 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा. आकडा 13 च्या वर टिकला तर ठीक. इंजिन चालू असूनही तो 12.4, 12.3 असा उतरत चालला, तर चार्जिंग नाही. भंडाऱ्याच्या मे महिन्यात तापलेल्या इंजिनावर 13.6 दिसलं तर घाबरू नये. उष्णता वाढली की बरेच रेग्युलेटर व्होल्टेज मुद्दाम थोडं खाली आणतात. आकडा 15 च्या वर गेला तर मात्र रेग्युलेटर बिघडला. बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब पटापट उडतात.

एका पिकअपची गोष्ट सांगतो. ती धानाची पोती राइस मिलला नेत असे. दिवसा काही दिसायचं नाही, रात्री हेडलाइट लावले की लाल दिवा अगदी मंद, निखाऱ्यावर राख धरावी तसा दिसायचा. मालकाने बॅटरी आधीच बदलली होती. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या नटावर ठेवलं, आकडा 14.2. तेच टोक बॅटरीच्या अधिक खुंटीवर, तर 12.6. अल्टरनेटर पूर्ण ताकदीने काम करत होता आणि दीड व्होल्टहून अधिक वाटेतच गळत होते. लोड लावलेला असताना त्या जाड केबलच्या दोन टोकांत 0.2-0.3 पेक्षा जास्त फरक नको. नट सोडला, तर लगखाली हिरवट गंज, आणि केबलची टोकाकडची तार काळी पडलेली. नवा लग बसवला, जागा घासून स्वच्छ केली, नट नीट आवळला. फरक 0.1 वर आला आणि दिवा पूर्ण विझला. बदलला तो फक्त लग. अशीच चाचणी अर्थच्या बाजूलाही करावी, कारण इंजिन ते बॅटरी ही वाटही तितकीच महत्त्वाची असते.

दिवा मंद असण्याचं दुसरं कारण डायोड. एखादा डायोड उडाला की व्होल्टेज सरळ राहत नाही. मीटर एसीवर लावून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तर संशय डायोडवर घ्यावा. डायोड शॉर्ट झाला तर उलटा करंट वाहतो आणि उभी गाडी सकाळपर्यंत बॅटरी उतरवून ठेवते. दिवा लागतो-विझतो, खड्ड्यात गाडी आदळली की बदलतो, तर कार्बन झिजलेले असू शकतात. कार्बन ही स्वस्त वस्तू आहे.

एक सवय सोडा, असं मी कळकळीने सांगतो. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी चालू राहिली तर ‘डायनमो चांगला’ म्हणायचं. जुन्या डायनमोच्या काळात ते खपून गेलं. आज बॅटरी सुटताक्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभरात कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, सोबत हजारो रुपयांचा ईसीएम, म्हणजे गाडीचा संगणक, जळू शकतो. शिवाय या चाचणीतून आकडा काहीच कळत नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग संगणकच ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. तिथे 12.8 दिसलं म्हणून अल्टरनेटर खोलू नये, हेडलाइट लावून आकडा चढतो का ते बघावं आणि स्कॅनर लावावा.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे दिवस येतात. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, घरची सगळी माणसं गाडीत बसून गावोगाव निघतात, आणि नवेगावबांधकडे जंगलाचा रस्ता लागतो. रात्री लाल दिवा पेटला तर आधी इंजिनच्या तापमानाकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. काटा चढत असेल तर तिथेच थांबा, नाहीतर इंजिन जाईल. तापमान ठीक असेल तर ब्लोअर, एसी, गाणी, मोबाइलचं चार्जिंग बंद करा, इंजिन बंद करू नका, आणि जवळच्या गावाकडे चला. हिशेब सोपा आहे. दोन हॅलोजन हेडलाइट साधारण 10 अँपिअर खातात, पेट्रोल पंप आणि इग्निशन जवळपास तितकेच, रेडिएटरचा पंखा वेगळा. 35 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर रात्री तासभराच्या आत गाडी लंगडू लागते. दिवसा थोडी सवड मिळते.

गॅरेजमध्ये पोचलात की कुठलाही सुटा भाग विकत घेण्याआधी दोन आकडे मागा. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर किती आणि बॅटरीवर किती. दोन्ही जागी कमी असेल तर दोष अल्टरनेटरमध्ये, पट्ट्यात किंवा त्या बारीक वायरीत. अल्टरनेटरवर ठीक आणि बॅटरीवर कमी, तर दोष वाटेत. दोन्हीकडे ठीक आणि तरी सकाळी सेल्फ फिरत नसेल, तर मग बॅटरी तपासा. हे दोन आकडे काढायला पाच मिनिटं पुरतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हाती मी पाना देण्याआधी मीटर देतो, कारण आमच्या गिऱ्हाइकाची गाडी हेच त्याचं पोट असतं आणि त्याचा पैसा अंदाजावर खर्च करण्याचा अधिकार आम्हाला नाही.