मिथिल ऑरेंजवर ठेवलेला विश्वास

सौम्य आम्ल म्हणजे कमी आम्ल, ही समजूत मी बी.एस्सी.त असताना करून घेतली आणि नोकरीतली बरीच वर्षं तिच्यावर विसंबून वागलो. व्याख्या मला पाठ होती. पाण्यात ज्याचं जवळजवळ पूर्ण विचरण होतं ते तीव्र आम्ल, थोडंच होतं ते सौम्य. संहत आणि विरल ही बाब निराळी, द्रावणात आम्ल किती घातलंय यावर ती ठरते. परीक्षेत हे लिहून गुणही मिळाले. पण बाटली हातात घेताना मनात चालायचं ते दुसरंच.

त्याचं मूळ एका अनुमापनात आहे. शंकुपात्रात ०.१ मोलार ॲसेटिक आम्ल २५ मिलिलिटर, ब्युरेटमध्ये तितक्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड. दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलीन घ्यायचं होतं. आदल्या प्रयोगात हायड्रोक्लोरिक आम्लासाठी वापरलेली मिथिल ऑरेंजची बाटली टेबलावर होती, मी तीच उचलली. हायड्रोक्लोरिकला २५ मिलिलिटर अल्कली लागलं होतं, इथे सात-आठ मिलिलिटरमध्येच रंग हळूहळू पिवळा झाला. मला ते पटलंच. आम्ल सौम्य आहे, मग त्याला संपवायला अल्कलीही कमीच लागणार! जर्नलमध्ये तसा निष्कर्ष लिहिला. शेजारच्या मित्राचं वाचन २५ आलं, तर त्यालाच प्रयोग पुन्हा करायला सांगितलं.

मिथिल ऑरेंजचा रंग सामू ३.१ ते ४.४ या टप्प्यात पालटतो. ॲसेटिक आम्लाचं ते द्रावण सुरूच होतं २.९ च्या आसपास, आणि एक तृतीयांश आम्लही संपलेलं नसतं तेव्हा ४.४ वर पोचतं. मी ब्युरेटचा खटका बंद केला तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त आम्ल शंकुपात्रात तसंच शिल्लक होतं. खरा अंत्यबिंदू ८.७ च्या जवळ येतो, म्हणूनच तिथे फिनॉल्फ्थॅलीन लागतं. हे सगळं पुस्तकात होतं. मी ते वाचलंही होतं, पण माझ्या समजुतीला दुजोरा देणारा आकडा हाती आल्यावर तपासायची गरज वाटली नाही.

पुढे तासगाव भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो. प्रयोगशाळेचे परिचर माझ्या वडिलांच्या वयाचे होते, सगळे त्यांना मामा म्हणत. संहत हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या बाटल्यांना हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, असा माझा कडक नियम होता. ॲसेटिक आम्लाची बाटली या नियमातून मीच वगळली होती. ती ग्लेशियल ॲसेटिकची होती, म्हणजे जवळजवळ शुद्ध, पाणी न मिसळलेलं आम्ल. संहती सुमारे १७ मोलार. शेजारच्या फळीवरचं ज्याला आम्ही भीत होतो ते संहत हायड्रोक्लोरिक साधारण १२ मोलार असतं.

ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं. आमच्याकडे डिसेंबरातल्या सकाळी पारा त्याच्या खाली उतरतो. अशाच एका सकाळी मामांनी गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवली आणि अर्धवट वितळल्यावर ओतायला घेतली. आतला गोळा एकदम सरकला, आम्ल उसळून त्यांच्या बोटांवर आणि मनगटावर आलं, बाही भिजली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मामा, सौम्य आम्ल आहे, पुसून टाका.” त्यांनी फडक्याने पुसलं आणि तीच भिजलेली बाही अंगावर ठेवून काम चालू ठेवलं. नळ चार पावलांवर होता.

ॲसेटिक आम्लाच्या भाजण्याचे फोड कधीकधी काही तासांनी उठतात. संध्याकाळी त्यांचं मनगट पाहिलं तेव्हा मला बोलता येईना. जखम भरायला बरेच दिवस लागले आणि डाग राहिला.

आणखी एक गोष्ट केली, ती सांगणं मला जास्त जड जातं. अपघाताच्या नोंदवहीत मी लिहिलं की परिचराच्या निष्काळजीपणामुळे आम्ल सांडलं. हातमोजे नकोत असं मीच सांगितलं होतं आणि धुण्याऐवजी पुसायलाही मीच सांगितलं, हे लिहिलं नाही. मामांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. काही महिन्यांनी मी प्राचार्यांना खरं काय घडलं ते सांगितलं, नोंदीखाली दुरुस्ती लिहून सही केली आणि मामांची माफी मागितली. ते “जाऊ द्या सर” म्हणाले. पण त्या मधल्या काळात ती नोंद त्यांच्या नावावर होती.

त्यानंतर मी हा विषय पुन्हा मुळापासून वाचला. ०.१ मोलार ॲसेटिक आम्लात कुठल्याही क्षणी शंभरातले जेमतेम एक-सव्वा रेणूच आयन झालेले असतात. सामू फक्त तेवढेच मोजतो. पण अल्कलीने ते हायड्रोजन आयन उचलले की समतोल ढळतो, उरलेले रेणू फुटतात, ते गेले की आणखी. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात पुढ्यात मांडलेला माल थोडाच असतो, बाकीचा कोल्ड स्टोअरेजमध्ये असतो. उठाव झाला की तो बाहेर येतो, तसंच हे. पुढ्यातला माल पाहून कोठारातल्या साठ्याचा अंदाज बांधणं, हीच माझी चूक. शुद्ध ॲसेटिक आम्लात तर आयन जवळपास नसतातच. पण अखंड रेणू कातडीत शिरतात आणि आत गेल्यावर भाजतात. सौम्य असणं हा त्या रेणूचा स्वभाव आहे, किती रेणू अंगावर पडले याबद्दल तो काहीच सांगत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. एक लिटर पाण्यात एक हजारांश मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. आम्ल तीव्रच राहतं, सगळे रेणू फुटलेले असतात, तरी त्याचा थेंब हातावर पडला तर काही होत नाही. पाणी घालून तीव्र आम्ल सौम्य होत नाही, विरल होतं. ऑस्टवाल्डने १८८८ मध्ये मांडलेला नियम वाचताना मी इथेच अडखळलो होतो. ॲसेटिक आम्ल ०.१ मोलारवरून ०.००१ मोलारवर आणलं तर विचरण १.३ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातं. प्रमाण इतकं वाढूनही त्याचा विचरण स्थिरांक तोच राहतो, आणि आम्लाची तीव्रता सांगतो तो हा स्थिरांक.

एवढं समजूनही आमच्या द्राक्षबागेत मी पुन्हा चुकलो. ठिबकच्या ड्रिपरमध्ये चुन्याचा थर बसला होता, आम्ल सोडायचं होतं. दादाने विचारलं, हजार लिटरला किती टाकू? मी कागदावर हिशेब केला. सामू ४ हवा म्हणजे हजार लिटरला ०.१ मोल, बाजारातलं हायड्रोक्लोरिक साधारण १० मोलार, तर १० मिलिलिटर पुरे. दादाने टाकलं, पट्टीचा रंग हलला नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट लिटरला ५ मिलिइक्विव्हॅलंट आहे, तपासणीचा कागद घरातच होता. तेच खायला ५ मोल आम्ल लागतं, म्हणजे अर्धा लिटर. माझा हिशेब पन्नास पटींनी चुकला. दादाने मग दहा लिटरच्या बादलीत थोडं थोडं आम्ल सोडत पट्टी पाहिली आणि त्यावरून टाकीचं प्रमाण काढलं. तो बारावीनंतर शिकलेला नाही, पण ते सरळसरळ अनुमापन होतं.

वर्गात आता व्याख्येआधी फुगे येतात. दोन बाटल्यांत १ मोलार आम्ल, एकीत हायड्रोक्लोरिक, दुसरीत ॲसेटिक, भरपूर. तोंडावर फुगे, फुग्यांत सारख्या वजनाची मॅग्नेशियमची फीत. फिती एकदम आत पाडल्या की पहिला फुगा झटकन फुगतो, दुसरा रेंगाळतो. दुसरा लहानच राहणार, असं बहुतेक मुलं सांगतात. मी घाई करत नाही. फीत पूर्ण विरघळली की दोन्ही फुगे सारखे दिसतात, आणि मग मुलंच का ते विचारतात.

त्या दिवशी हायड्रोफ्लुओरिक आम्लाबद्दल बोलल्याशिवाय मी तास संपवत नाही. आमची कितीतरी मुलं पुढे एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लागतात. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचे डाग काढायच्या पेस्टमध्ये नायट्रिक आम्लासोबत बहुधा हे असतं. विचरणाच्या हिशेबाने ते सौम्य आहे, पण ते काच खातं, कातडीतून आत उतरतं आणि फ्लुओराइड रक्तातल्या कॅल्शियमला बांधून टाकतं. त्यातून हृदय बंद पडू शकतं. विरल द्रावणाची वेदना कित्येक तास जाणवतही नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, दुखायची वाट पाहू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जाऊन हायड्रोफ्लुओरिक हे नाव सांगा. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल जवळ नसेल तर त्या पेस्टचा डबा उघडायलाच नकार द्या, मालक काहीही म्हणो.