रोबोटच्या स्पर्धेतून मुलींना काय मिळतं?

२०१७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टनला, शाळकरी मुलांची जागतिक रोबोट स्पर्धा झाली. 'फर्स्ट ग्लोबल' हे तिचं नाव. दीडशेहून जास्त देशांचे संघ आले होते. भारताचा संघ मुंबईच्या मुलांचा होता, आणि त्यांनी यंत्ररचनेचं सुवर्णपदक आणलं. पण त्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो झळकले ते अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या सहा मुलींचे.

या मुलींना अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. मुलाखतीसाठी हेरातहून काबूलपर्यंतचा धोक्याचा प्रवास त्यांनी दोनदा केला. रोबोटचं सामान कस्टममध्ये अडकून पडलं. इतर देशांच्या मुलांना तयारीला काही महिने मिळाले, यांच्या हातात जेमतेम दोन आठवडे राहिले. शेवटी बराच गाजावाजा झाला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लक्ष घातलं आणि मुली पोचल्या. त्या वर्षीचा खेळ पाण्यावर होता. निळे चेंडू म्हणजे स्वच्छ पाणी, नारिंगी म्हणजे दूषित. रोबोटने ते गोळा करून वेगळे करायचे. पुन्हा, एकटं खेळायचं नाही. तीन देशांनी मिळून दुसऱ्या तीन देशांविरुद्ध खेळायचं. या मुलींना धाडसासाठी रौप्यपदक मिळालं.

ही हकीकत मी आमच्या शाळेतल्या पालकसभेत सांगते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, यंत्रातलं मला फारसं कळत नाही. रोबोटचं काम विज्ञानाचे सर बघतात. माझ्याकडे दोन कामं आली: मुलींच्या अम्मींशी बोलणं आणि परीक्षकांपुढे मुलींनी बोलायची तयारी. दोन्ही कामं वाटतात तेवढी सोपी नाहीत!

या स्पर्धांबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, ज्याचा रोबोट जोरात पळतो तो जिंकला. आम्ही ज्या स्पर्धेची तयारी केली तिच्यात डाव फक्त अडीच मिनिटांचा असतो. रिमोट नसतो. मुलांनी आधी जो प्रोग्रॅम लिहिला त्यावरच रोबोट टेबलावर फिरतो. पण गुण तेवढ्यावर मिळत नाहीत. परीक्षक मुलांना समोर बसवून विचारतात, हे असं का केलंत? आधी काय करून पाहिलं? कुठे फसलं? तिथे शिक्षकाने मध्ये बोलायचं नसतं.

आमच्या मुली तिथेच गप्प व्हायच्या. इंग्रजीत बोलावं लागेल ही धास्ती. मी म्हटलं, आधी मला उर्दूत सांगा. मग मराठीत सांगा. इंग्रजीचं शेवटी बघू. आठवीतली एक मुलगी सांगू लागली की रोबोट सकाळी रेषेच्या पुढे जातो आणि दुपारी अलीकडेच थांबतो. का? सर हसले, पण उत्तर दिलं नाही, आणि ते फार बरं केलं. तिने चार दिवस वहीत आकडे लिहिले. बॅटरी उतरली की मोटर मंद होते, आणि यांनी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं 'तीन सेकंद चाल'. तीन सेकंद तेवढेच, अंतर मात्र कमी. मग तिने सेकंद काढून टाकले आणि चाकाचे फेरे मोजायला लावले. हे तिने तिन्ही भाषांत सांगितलं. इंग्रजी मोडकं होतं, पण परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारला आणि तिने त्याचंही उत्तर दिलं. ती वही मी ठेवून घेतली आहे. वीस वर्षांत मी जे निबंध तपासले, त्यांतले फार थोडे इतके नेमके होते.

आमचा नंबर आला नाही. विभागीय फेरीत काही संघांचे रोबोट इतके सफाईदार होते की ते मुलांच्या हातचे वाटत नव्हते. क्लासवाले पैसे घेऊन तयार प्रोग्रॅम देतात, हे आता गुपित राहिलेलं नाही. अशा मुलाला ट्रॉफी मिळेल, पण चाक उलटं फिरलं की तो सरांकडेच बघणार. त्यापेक्षा मुलांना स्पर्धेला न नेलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अम्मींचा प्रश्न वेगळा असतो. "टीचर, स्क्रू फिरवून काय करणार ती? दहावी झाली की बास." एकीने तर विचारलं, मुलांबरोबर एका टेबलावर काम करावं लागतं का? मी खरं ते सांगितलं, हो, लागतं. दार उघडं असतं, मी तिथेच बसलेली असते, तुम्हीही या. ती आली. दोन गुरुवार बसली आणि तिसऱ्या गुरुवारी मुलीला एकटीला पाठवलं.

आपल्याकडे जलशांत अल-जझरीचं नाव फार अभिमानाने घेतात. १२०६ मध्ये त्याने यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला, पाण्यावर चालणारी घड्याळं बनवली, सगळं खरं. पण तो स्वतः कारागीर होता, हाताने करून बघणारा. त्याचं नाव घेणाऱ्या किती जणांनी आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेला एक स्क्रूड्रायव्हरचा सेट दिला?

पैशाची अडचण खरी आहे. परदेशी किट महाग असतात. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. उर्दू शाळांनी अर्ज करावेत. मात्र अशी लॅब मिळालेली एक शाळा मी पाहिली आहे, जिथे सामान मोडेल म्हणून कपाटाला कुलूप होतं आणि पाहुणे आले की उघडत.

हेरातच्या मुली परत गेल्यावर काही दिवसांतच, १ ऑगस्टला, तिथल्या मशिदीत स्फोट झाला. त्यात त्यांच्या कर्णधार मुलीचे वडील गेले. तरी संघ टिकला. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात या संघातल्या मुलींनी टोयोटा कोरोला गाडीचे भाग वापरून व्हेंटिलेटरचा नमुना बनवला. २०२१ मध्ये तालिबान आले आणि त्यांतल्या काही जणी कतारला, काही मेक्सिकोला निघून गेल्या. तिथल्या सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. आपल्या मुलींची शाळा मात्र रोज साडेसातला भरते आणि कुणी अडवत नाही. अडवलं तर आपणच अडवतो.

या वर्षी आमच्याकडे नऊ जण आहेत, त्यांत पाच मुली. किट जुनंच आहे. मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका अब्बांनी दोन बंद पडलेले मिक्सर आणून दिलेत, खोलून बघायला. एकाची मोटर पोरींनी चालू केली. दुसऱ्याचा एक स्क्रू अजून सापडत नाही.