भांड्यावरचं नाव

सोनगीर हे भांड्यांचं गाव. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की आग्रा रोडला लागून किल्ल्याची टेकडी दिसते, आणि गावात तांब्या-पितळेवर पिढ्यान्‌पिढ्या हातोडा चालवणारे तांबट. खानदेशातल्या कितीतरी मुलींच्या लग्नातला हंडा इथूनच गेलेला. म्हणून असेल, संसार मोडल्यावर घराची वाटणी कशी होते ते मी इथे भांड्यांवरूनच शिकलो.

ओळखीतलं घर. फारकत ठरलेली. ओट्यावर दोन्हीकडची चार माणसं बसली आणि आतून एकेक भांडं बाहेर आलं. परात, घागर, तपेली, बंब. प्रत्येकाचा काठ उजेडाकडे फिरवायचा, बोटानं काजळी पुसायची आणि ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव वाचायचं. ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून’ असेल ते तिच्या ढिगात. अडलं ते पितळी पिंपावर. भिशीच्या पैशातून घेतलं होतं तिनं, पण दुकानात नाव विचारल्यावर हौसेनं नवऱ्याचं सांगितलं होतं. सासू म्हणाली, “हाई आमनं शे.” नाव वाचून मंडळींनी मान डोलावली.

“मग फरशीवर कोणाचं नाव आहे?” तिनं विचारलं. “शिवणाच्या पैशातून मी बसवली. अर्धी उखडून द्या.”

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न कायद्यालाही अवघड आहे. स्त्रीधन तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ठणकावून सांगितलं. लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या आहेराचा निवाडा 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, हे 2020 मध्ये न्यायालयानं मान्य केलं. पण राहणं वेगळं, मालकी वेगळी. संसारात वाढलेल्या मिळकतीत निम्मा वाटा आपोआप तिचा, असं आपल्याकडे नाही. गोव्यात आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या तिथल्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, आणि मोडलं तर अर्धी अर्धी. सावंतवाडीहून बांदा ओलांडला की बाईचा हिशेब बदलतो!

याच आग्रा रोडवर, नाशिककडे जाताना चांदवड लागतं. 1986 मध्ये तिथे शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि पुढे शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’त शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. राजीखुशीनं, संसार चालू असताना. वेळ हीच योग्य, असं माझं मत. भांडण लागल्यावर कुणाचा हात सैल सुटत नाही. घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावायला ग्रामपंचायतीत फार काही लागत नाही. लागते ती इच्छा, आणि ती वास्तुशांतीच्या पंगतीत कुणाला आठवत नाही.

पिंप सासरीच राहिलं. फरशीही. पण फरशीवाल्यानं पैसे मोजणाऱ्याच्याच नावानं पावती फाडली होती आणि ती तिनं शिलाई मशीनच्या खणात ठेवली होती. वकिलानं दाव्यात आता तेवढी रक्कम मागितली आहे.