दोन पायांचा पुलर, तीन पात्यांचा पंखा

आधी एक कबुली. ज्या हत्यारांच्या पेटीबद्दल हे लिहितो आहोत, तिच्या वाटपाच्या यादीत ‘साहित्य योग्य असल्याची खात्री केली’ असा एक रकाना होता. त्या रकान्यात बरोबरची खूण आम्हीच केली होती. पेटी उघडली नव्हती. पाहुणे आले होते, हार वाळत होते, फोटो काढायचे होते. सही केली आणि पुढच्या वाडीला निघालो.

पेटी मिळाली ती बाणकोटच्या खाडीकाठच्या आमच्या पाच पोरांना. त्यातला एक आमचा मामेभाऊ. ही पोरं दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून राबली. जाळं ओढलं, बर्फ वाहिला, इंजिन धुतलं, पण इंजिनाला हात लावायची वेळ आली की नाखवा म्हणायचा, बाजूला हो. गेल्या वर्षी त्यांनी एक जुनी लाकडी बोट घेतली. बायकांच्या बचत गटाचं कर्ज, थोडे नातेवाइकांचे, थोडे उसने. आमच्या वाडीच्या नावावर याआधी कधी बोट नव्हती. बंदरावर एकजण हसत म्हणाला होता, “आता हे पण नाखवे होणार!” पोरांनी ऐकून घेतलं. आम्हीही ऐकून घेतलं, कारण आम्हाला वाटलं की उत्तर हंगामात देऊ.

ज्यांनी समुद्र फक्त सहलीत पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ६१ दिवस. हा माशांचा अंडी घालण्याचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बोटी वर ओढून शाकारून ठेवतात. दुरुस्ती याच दिवसांत करायची. १ ऑगस्टला जो तयार नाही त्याचे हंगामाचे पहिले, सगळ्यात चांगले दिवस गेले. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

मे महिन्यातच बोटीचा मागचा भाग थरथरायला लागला होता आणि शाफ्टच्या बाजूने पाणी आत येत होतं. ग्लँडची दोरी बदलून बघितली, फरक पडला नाही. मागचं बेअरिंग झिजलं होतं. ते बदलायचं तर आधी पंखा काढावा लागतो. शहरात ज्याला प्रोपेलर म्हणतात त्याला खाडीत पंखाच म्हणतात. पंख्याच्या मधला जाड भाग शाफ्टच्या टोकावर घट्ट बसलेला असतो. ते टोक निमुळतं असतं, आत एक चावी असते, मागून नट आणि पिन. नट काढला की पंखा हातात येईल असं वाटतं. येत नाही. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहून, इंजिनाच्या जोराने तो निमुळत्या टोकावर चढत जातो आणि असा धरतो की जणू एकाच तुकड्यातून ओतला आहे. म्हणून पुलर लागतो.

पेटीत पुलर होता. नवा कोरा, तेल लावलेला. पोरांना केवढा आनंद झाला होता तो बघून.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ताडपत्रीखाली, पावसात काम सुरू झालं. आम्ही त्या दिवशी तिथे होतो, छत्री धरून, काही न करता. पुलरला दोन पाय होते, पंख्याला तीन पाती. आता कागदावर काढून बघा. तीन पाती सारख्या अंतरावर असतील तर दोन पात्यांच्या मधल्या जागेच्या बरोबर समोर तिसरं पातं येतं. म्हणजे पुलरचा एक पाय मोकळ्या जागेत नीट बसतो आणि दुसरा थेट पात्याच्या मुळावर, तिरक्या अंगावर. शिवाय पंखा आणि बेअरिंग यांच्यात जेमतेम एक इंच फट, आणि पुलरचा आकडा त्याहून जाड. तो आत जातच नव्हता. पोरांनी तो तसाच कडेवर अडकवला आणि मधला स्क्रू आवळला. एकदा घसरला. दुसऱ्यांदा पाय दोरीने बांधून आवळला, पुन्हा घसरला, पात्याची कड चेपली. मग कोणीतरी पहार आणली आणि पंखा व बेअरिंगच्या मधे घालून दाबली. लाकूड करकरलं. तिसऱ्यांदा आवळताना पुलरचा पाय सुटला आणि मामेभावाच्या हातावर आदळला.

हाड मोडलं नाही. मंडणगडला नेऊन फोटो काढला तेव्हा हे कळलं. पण तीन तास आम्हाला ते माहीत नव्हतं. त्या तीन तासांत डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, तो रकाना आणि आमची खूण.

मामी काही बोलल्या नाहीत. रात्री जेवण वाढताना एवढंच म्हणाल्या, “तुम्ही आणलं म्हणून आम्ही इसवास ठेवला.”

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मोहल्ल्यातल्या चाचांना बोलावलं. चाचा सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी भाऊच्या धक्क्यावर बोटींच्या दुरुस्तीचं काम करत. आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून काम सोडलंय. आले, बोटीच्या मागे उकिडवे बसले, पुलर हातात घेऊन फिरवला आणि आमच्याकडे बघितलं.

“मास्तर, हा गिअर काढायचा पुलर. पंख्याचा नाय. त्याला पाय दोन, हिला पाती तीन. तुम्ही शिकलेले, गणित तुम्हीच करा.”

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. गणित मात्र आदल्या दिवशी पावसात उभं राहूनही सुचलं नव्हतं.

चाचांनी पहिलं काम काय केलं? जुन्या कॅलेंडरचं पान मागितलं. ते पंख्याच्या मधल्या भागावर मागून दाबून बोटाने घासलं, कडा उमटल्या. पात्यांच्या मधल्या तीन मोकळ्या जागांवर खुणा केल्या. शाफ्टची जाडी दोऱ्याने मोजली, फट लाकडाच्या पाचरीने मोजली, पाचरीवर नखाने रेघ ओढली. हे सगळं घेऊन पोरं वेल्डिंगच्या दुकानात गेली आणि दोन जाड लोखंडी पाट्या कापून आणल्या. पहिली घोड्याच्या नालासारखी, म्हणजे मधे शाफ्टपुरती खाच, अर्धा इंच जाड, फटीत सहज सरकणारी. दुसरी सरळ गोल, शाफ्टच्या टोकामागे लावायची. दोन्हींना तीन-तीन भोकं, कॅलेंडरवरच्या खुणांप्रमाणे. नालाची खाच दोन भोकांच्या बरोबर मधून येईल अशी काळजी घेतली, नाहीतर भोकच कापलं गेलं असतं. तीन लांब बोल्ट पात्यांच्या मधून आरपार. एकूण खर्च साडेआठशे रुपये आणि येण्याजाण्याचं भाडं.

मग त्यांनी जे जे सांगितलं ते पोरांनी वहीत लिहून घेतलं आहे. इथेही देतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे सैल करून शाफ्टवरच ठेवायचा, कारण पंखा सुटतो तेव्हा बंदुकीसारखा सुटतो आणि समोर जो असेल त्याच्या पायावर पडतो. नटामुळे आटेही वाचतात. तिन्ही बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा, म्हणजे ओढ सरळ राहते. एक जास्त आवळला की पाटी तिरकी झाली आणि पुन्हा तोच घसरण्याचा धंदा. शाफ्टच्या टोकावर घण मारायचा नाही, तो धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो. पहार तर अजिबात नाही. आणि गॅसची ज्योत लावायची नाही, शेजारीच बेअरिंगचं रबर आहे.

बोल्ट आवळून झाले आणि पंखा हलला नाही.

पोरांचे चेहरे उतरले. चाचा उठले, हात पुसले आणि म्हणाले, “आता ऱ्हाऊ दे. रात्रभर ताण धरू दे त्याला.” आणि घरी गेले. आम्हाला अशा वेळी थांबता येत नाही. कार्यकर्त्याला वाटतं आणखी एक जोर लावला की झालं. तरी थांबलो.

सकाळी मामींनी चुलीवर दोन हंडे पाणी उकळलं. गोणपाट पंख्याच्या मध्यावर गुंडाळलं आणि त्यावर कढत पाणी ओतत राहिलो. पंखा काशाचा, शाफ्ट पोलादाचा. सारखीच उष्णता दिली तर कासं पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि इथे तर पाणी पंख्यावरच पडत होतं. मग एका पोराने एका बाजूला जड हातोडा टेकवून धरला आणि दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूने मधल्या जाड भागावर दुसरा हातोडा मारला. पात्यावर नाही. चौथ्या फटक्याला टण् असा आवाज झाला आणि पंखा मागे सरकून नटावर आदळून थांबला. नट नसता तर काय झालं असतं हे त्या आवाजावरून कळलं.

मामेभाऊ हात गळ्यात बांधून बाजूला बसला होता. तो एवढंच म्हणाला, “दोन आटे.”

आता या प्रसंगावर आपल्याच लोकांकडून आलेल्या दोन प्रतिक्रिया आम्हाला खटकल्या, म्हणून हा लेख.

पहिली प्रतिक्रिया एका शिकलेल्या मित्राची. आपल्या समाजाला यंत्राची परंपराच नाही, तेव्हा या फंदात कशाला पडायचं, दुसरा व्यवसाय बघावा. परंपरा नाही हे खरं मानलं तरी ती का नाही? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथे पगार बरा होता, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे आणि तोच धोटा दुसरा तोंडाला लावणार. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला होता. म्हणजे हत्यार हातात येऊ द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, यांना हत्यार धरता येत नाही. नाखव्याचं ‘बाजूला हो’ त्याच जातीचं वाक्य आहे. चाचा तरी कुठे पोटातून शिकून आले? धक्क्यावर दुसऱ्या मिस्त्रीसाठी दिवा धरून उभे राहत शिकले. दिवा धरू दिला, हा फरक.

दुसरी प्रतिक्रिया कौतुकाची होती आणि ती आम्हाला जास्त लागली. “वा, काय जुगाड केला!” जुगाड? ज्याने फट मोजली, शाफ्ट मोजला, कागदावर नमुना काढला, भोकांच्या जागा ठरवल्या, कासं आणि पोलाद वेगवेगळं फुगतं हे ओळखून पाणी ओतलं, त्याच्या कामाला जुगाड म्हणायचं. आणि ज्यांनी न मोजता, पाती न मोजता, पेटी न उघडता शेकडो घरी एकच पुलर वाटला त्या कामाला योजना म्हणायचं. मोजणारा अडाणी, न मोजणारा तज्ज्ञ. जात म्हणजे कामं वाटून घेण्याची सोय आहे, या युक्तिवादाचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालीच घेतला आहे. आपण ते पुस्तक वाचतो, त्यावर बोलतो, आणि हाताने काम करणाऱ्याला काही विचारायचं असतं हे पेटी वाटताना विसरतो. ‘आपण’ म्हणजे कोण, हे वर पहिल्याच परिच्छेदात सांगितलं आहे.

संस्थेवर सगळं ढकलणं सोपं होतं. पण तो रकाना संस्थेने ठेवलाच होता ना? खात्री आम्ही करायची होती. प्रशिक्षण तीन दिवसांचं झालं, त्यात सरकारी योजनांची माहिती होती, आत्मविश्वासावर एक सत्र होतं. ते आम्हीच घेतलं. एकाही सत्रात कोणी विचारलं नाही की तुमच्या पंख्याला पाती किती.

याच सावित्रीच्या खाडीतून डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बोटीने दासगावला आले आणि तिथून चालत महाडच्या दुसऱ्या परिषदेला गेले. दर २५ डिसेंबरला आम्ही हा प्रवास भाषणात सांगतो. या वर्षी पोरांनी विचारलं, त्या बोटीचा पंखा केवढा असेल? आम्ही हसलो, मग लक्षात आलं की इतक्या वर्षांच्या भाषणांत आम्ही बोट नेहमी आपोआप चालवली आहे.

पंखा निघाल्यावर कळलं की आतली चावी एका बाजूने खाल्ली गेली होती. नवी करून घेतली. बसवण्याआधी चाचांनी शाफ्टच्या टोकाला काजळ फासलं, चावीशिवाय पंखा चढवून काढला आणि आत काजळ कुठे लागलं ते बोट फिरवून बघितलं, कारण डोळ्यांना दिसत नव्हतं. एका बाजूला लागतच नव्हतं. तिथे अर्धा दिवस घासण्यात गेला. चेपलेली कड त्यांनी कानशीने सारखी केली. बेअरिंग बदललं. ऑगस्टच्या पहिल्या उधाणाला बोट पाण्यात उतरली. पहिले चार दिवस चुकले होते. मामेभाऊ गेला नाही, हात पूर्ण बरा व्हायचा होता. त्याच्या वाट्याचे पैसे इतरांनी काढून ठेवले.

आम्ही संस्थेला पत्र लिहिलं आहे, आमच्या खुणेचा उल्लेख करून, सोबत कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स जोडून. पुढच्या यादीत आमच्या भागापुरता एक रकाना आम्ही हाताने वाढवला आहे, ‘बोटीला लावून पाहिलं, तारीख’. उत्तर आलेलं नाही.

दोन्ही पाट्या आणि तीन बोल्ट मामेभावाच्या पडवीत खुंटीला टांगलेले असतात. गेल्या महिन्यात ज्या नाखव्याने आम्हाला हसून दाखवलं होतं, त्याचा खलाशी त्या मागायला आला. त्यांच्या जाळ्याचा दोर पंख्यात अडकून शाफ्ट वाकला होता. द्यायच्या की नाही यावर पडवीत चांगलाच वाद झाला. दोघं म्हणाली, त्याला स्वतः येऊ दे. मामी म्हणाल्या, खलाशी आलाय ना, तुम्ही कोण होतात इतके दिवस? पाट्या दिल्या. सोबत मामेभाऊ गेला, वही घेऊन, कारण बोल्ट आळीपाळीने आवळायचे हे सांगायला कोणीतरी हवं होतं. परत आल्या तेव्हा एक बोल्ट वाकलेला होता. नाखव्याने नवा आणून देतो म्हटलंय.